टिचकी आणि संमति

सॉफ्टवेअरवरील कॉपीराइट कर्त्याचा. तेव्हां तें उतरवून घेणारास त्यानें परवान्याच्या अटी घालाव्या, हें रास्तच आहे. परंतु अट दिसलीच नाहीं, तर संमति कशी? नेटस्केप कंपनीचें फुकट सॉफ्टवेअर आपली खासगी माहिती तिला पोंचवितें, अशी अमेरिकेंतील कांहीं ग्राहकांनीं फिर्याद केली. परवान्याप्रमाणें लवादाकडे जा, असें कंपनीचें उत्तर. पण परवान्याचा उल्लेख बटनाच्या खालीं, पान सरकविल्यावांचून न दिसणारा होता. सबब ती संमति नव्हे, असा निकाल न्यूयॉर्क येथील अपील न्यायालयानें २००२ सालीं दिला. समोरच्या अटींस न वाचतां ‘मान्य’ म्हणणारास मात्र हा आधार नाहीं. वाचल्याविना सही करूं नये, असें आम्ही मुलांस शिकवितों. बटनावरील टिचकी हीही सहीच आहे.