दिवस भरण्याआधी कळा का येतात?

गर्भधारणा सुमारे ४० आठवड्यांची. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचे बाळंतपण ते अकाली; २८ आठवड्यांआधीचे अतिअकाली. जगात साधारण दहातले एक बाळ अकाली जन्मते.

जंतू काय करतात? योनिमार्गातील जीवाणू वर सरकून गर्भाभोवतीच्या पडद्यापर्यंत पोचू शकतात. त्यांच्याशी लढताना शरीर दाहकारक रसायने सोडते. त्यातून प्रोस्टाग्लँडिन वाढते. त्याने गर्भाशय आकुंचन पावते, गर्भाशयमुख मऊ पडते. पडदा कमकुवत होऊन पाणमोटही फुटू शकते. संसर्ग हे अनेक कारणांपैकी एक. जुळे, उच्च रक्तदाब हीही कारणे आहेत.

न दुखणारा संसर्ग: लघवीत जंतू असूनही जळजळ नसते, असे गरोदरपणात घडते. उपचार न झाल्यास तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो आणि त्यातून अकाली कळांचा धोका वाढतो. म्हणून लक्षण नसले तरी लघवीची तपासणी महत्त्वाची.

गडचिरोलीचा दाखला: डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तो केवळ गरोदर स्त्रियांचा नव्हता, पण खेड्यातली दुखणी किती दडून राहतात, हे त्याने आकड्यांत मांडले.

वाटूरच्या (ता. परतूर) गरोदर बाईसाठी
- दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत मोफत तपासणी (२०१६ पासून).
- ताप, लघवीला जळजळ, दुर्गंधीयुक्त स्राव: त्याच दिवशी डॉक्टर.
- पाणी जाणे, ठरावीक अंतराने कळा: लगेच १०८.