उडून जाणारे तेल आणि धान्याची कोठी

कागदाच्या एका तुकड्यावर एरंडेलाचा एक थेंब टाकावा आणि दुसऱ्या तुकड्यावर निलगिरीच्या तेलाचा एक थेंब टाकावा. दोन्ही कागद उजेडासमोर धरले असता दोहोंवर सारखाच अर्धपारदर्शक डाग दिसेल. मग ते उघड्या हवेत ठेवून द्यावेत व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावेत. एरंडेलाचा डाग होता तसाच असतो. निलगिरीचा डाग मात्र जवळजवळ नाहीसा झालेला असतो आणि मागे उरतो तो केवळ मंद वास. पहिले तेल स्थिर आहे, दुसरे बाष्पनशील आहे.

हा प्रयोग कोणत्याही शाळेत सहज करता येईल. परंतु वनस्पतींच्या सुगंधी तेलांनी पिकांचे कीटकांपासून रक्षण करता येईल काय, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच दडलेले आहे. हे तेल उडून जाते, हा त्याचा मोठा गुण होय; आणि तोच त्याचा मोठा दोषही होय. तो गुण कोठे ठरतो आणि दोष कोठे, हे ज्याला कळले त्यालाच या तेलाचा उपयोग करता येईल.

सुगंधी तेल म्हणजे काय?

पुदिन्याचे पान बोटांनी चुरडले की त्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथी फुटतात व वास दरवळतो. संत्र्याची ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडली, तर सालीतील पिशव्यांतून उडालेले तुषार क्षणभर पेटलेले दिसतात. हे तुषार म्हणजेच सुगंधी तेल. वनस्पतीला शत्रूपासून पळून जाता येत नाही. पाने कुरतडणाऱ्या कीटकांना व बुरशीला दूर ठेवण्यासाठी तिच्याजवळ जी रासायनिक साधने आहेत, त्यांत या तेलांची गणना होते.

तेल काढण्याची रीत जुनी आहे. पाला, फुले किंवा बिया पात्रात भरून त्यांतून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल वर येते, आणि वाफ थंड केली म्हणजे पाणी व तेल वेगळे होतात. बहुतेक तेले पाण्यावर तरंगतात. लवंगेचे तेल मात्र पाण्याहून जड असल्याने तळाशी बसते. या क्रियेस ऊर्ध्वपातन म्हणतात.

या तेलांच्या रचनेचा उलगडा करण्यात ओटो वालाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. त्यांना १९१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे लेओपोल्ड रुझिका यांनी या संयुगांच्या बांधणीचा नियम मांडला. त्यांना १९३९ साली त्याच पारितोषिकात सहभाग मिळाला. पाच कार्बन अणूंचा आयसोप्रीन हा घटक म्हणजे जणू एक वीट. अशा दोन विटा जोडल्या की दहा कार्बन अणूंचे मोनोटर्पीन तयार होते. पुदिन्यातील मेंथॉल, गवती चहातील सिट्रल आणि संत्र्याच्या सालीतील लिमोनीन ही याच कुळातील होत. लवंगेतील युजेनॉल हे वेगळ्या कुळातले. पण तेही असेच उडून जाणारे आहे. प्रत्येक तेलात अशी अनेक संयुगे एकत्र नांदत असतात.

कीटकाच्या शरीरात काय घडते?

कीटकाला फुफ्फुसे नसतात. त्याच्या शरीराच्या दोन्ही बाजूंस बारीक श्वासरंध्रे असतात व त्यांतून निघालेल्या नळ्या हवा थेट आतील अवयवांपर्यंत पोहोचवितात. तेलाची वाफ याच वाटेने आत शिरते. शिवाय शृंगिकांवरील गंधग्राही अवयवांना तिचा उपद्रव होऊन कीटक अन्नापासून किंवा अंडी घालण्याच्या जागेपासून दूर जातो.

आत गेल्यावर काही संयुगे मज्जासंस्थेवर आघात करतात. कीटकांच्या मज्जासंस्थेत ऑक्टोपामीन नावाचे द्रव्य संदेशवहनाचे महत्त्वाचे कार्य करते. व्हित्तोरियो एर्स्पामर या इटालियन शास्त्रज्ञाला ते प्रथम ऑक्टोपस या समुद्रजीवाच्या लाळग्रंथींत सापडले, म्हणून हे नाव. युजेनॉलसारखी संयुगे या संदेशवहनात ढवळाढवळ करतात, असे २००१ च्या सुमारास झालेल्या संशोधनात दिसून आले. कीटक प्रथम अतिचंचल होतो, मग लुळा पडतो व मरतो. मनुष्याच्या व गुराढोरांच्या शरीरात ऑक्टोपामीनला असे महत्त्वाचे स्थान नाही. जे द्रव्य कीटकाला घातक ठरते ते त्याच प्रमाणात आपल्याला घातक का ठरत नाही, याचे एक कारण हे आहे.

टिकाऊपणा: गुण की दोष?

डीडीटीच्या इतिहासाशी तुलना केल्यास या तेलांचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होईल. पाउल म्यूलर यांनी १९३९ साली डीडीटीचे कीटकनाशक सामर्थ्य ओळखले व १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकदा फवारलेले डीडीटी महिनोन्‌महिने टिके, आणि हीच त्याची थोरवी मानली गेली. पुढे ध्यानात आले की ते मातीत, पाण्यात व प्राण्यांच्या चरबीत साठत जाते. भारतात १९८९ साली शेतीसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला.

सुगंधी तेलाची गोष्ट याच्या उलट आहे. ते उन्हात व वाऱ्यात काही तासांत किंवा थोड्या दिवसांत उडून अथवा विघटित होऊन जाते. मागे अवशेष फारसा राहत नाही; पण मागे संरक्षणही राहत नाही.

कोठीतील भुंगेरा

हरभरा, मूग, तूर किंवा चवळी साठविणाऱ्या प्रत्येक घराला कडधान्यातील भुंगेरा ठाऊक असतो. त्याची मादी दाण्याच्या सालीवर एकेक अंडे चिकटविते. एक मादी शंभरच्या आसपास अंडी घालू शकते. अंड्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरून आतूनच तो पोखरते आणि उष्ण हवेत तीन-चार आठवड्यांत नवा भुंगेरा वाटोळे भोक पाडून बाहेर येतो. कीड पुष्कळदा शेतातील पिकत्या शेंगांवरूनच घरात येते. पेरणीसाठी राखलेले बियाणे असे पोखरले गेले, तर शेतकऱ्याचा पुढचा हंगामच धोक्यात येतो.

मोठ्या गोदामांत यावर विषारी धुरी देतात. पूर्वी मिथिल ब्रोमाइड हा वायू पुष्कळ वापरला जाई. परंतु तो पृथ्वीभोवतीच्या ओझोन थराला अपाय करतो. म्हणून माँट्रियल करारान्वये विकसनशील देशांनी, काही अपवाद वगळता, २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवावयाचा होता. दुसरा वायू फॉस्फीन. तो अत्यंत विषारी आहे, आणि धान्यातील काही किडींमध्ये त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याचे भारतासह अनेक देशांत आढळले आहे. म्हणूनच शास्त्रज्ञांचे लक्ष सुगंधी तेलांच्या वाफेकडे वळले. इस्राएलमधील संशोधकांनी १९९१ साली अनेक तेलांची वाफ साठवणीतील किडींवर तपासून पाहिली आणि त्यांतील काही परिणामकारक ठरल्या.

बंद कोठीत तेलाचा दोष गुणात पालटतो. तेल उडते, परंतु बाहेर जाऊ शकत नाही. त्याची वाफ दाण्यांमधील पोकळ्यांत शिरते. मात्र येथेही मर्यादा आहेत. फॉस्फीनच्या रेणूचा भार ३४ आहे, तर लिमोनीनसारख्या मोनोटर्पीनचा १३६. जड रेणूंची वाफ धान्याच्या राशीत सावकाश पसरते, आणि बरीचशी दाण्यांतच शोषली जाते. दाण्याच्या आत दडलेली अळी तिच्यापासून बचावू शकते. शिवाय लवंगेचा वास लागलेली डाळ कोणाला रुचणार? तेल अधिक झाले, तर बियाण्याच्या उगवणशक्तीलाही बाधा येऊ शकते. म्हणून लहान, घट्ट झाकणाची कोठी, कोरडे धान्य आणि मोजके प्रमाण या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच हा उपाय फलदायी होतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. आपल्या घरांत तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरविण्याची चाल आहे. अखंड कडधान्याला असे तेल चोळले, तर दाण्यावर पातळ थर बसून अंड्याला हवा मिळेनाशी होते. हे कार्य स्थिर तेलाचे होय. एक तेल टिकून राहते म्हणून उपयोगी पडते, दुसरे उडते म्हणून.

मधमाशीची पेटी

बंद जागेचे दुसरे उदाहरण मधमाशीच्या पेटीचे आहे. व्हॅरोआ नावाचा रक्तवर्णी गोचीडवजा जीव मूळचा आशियातील सातेरी मधमाशीच्या वसाहतीतला. सातेरी माशी आपले अंग साफ ठेवून त्याला आवरते. युरोपीय मधमाशीला ही कला फारशी साधलेली नसल्यामुळे तिच्या वसाहती त्याने उद्ध्वस्त केल्या. त्यावरील एक प्रचलित उपाय म्हणजे ओव्यात विपुल असणारे थायमॉल. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातून ओवा जर्मनीस जाई व तेथे त्यापासून थायमॉल बनविले जाई. आता हेच द्रव्य पेटीत ठेवतात. त्याची वाफ हळूहळू पसरते, तिने बरेचसे व्हॅरोआ मरतात आणि योग्य प्रमाणात माशा जगतात. थंडी फार असेल तर वाफ पुरेशी होत नाही आणि उष्मा फार झाला तर माशांनाच त्रास होतो. बंद झालेल्या घरांतील व्हॅरोआपर्यंत वाफ पोहोचत नाही, म्हणून उपचार काही आठवडे चालू ठेवावा लागतो.

उघडे शेत

उघड्या शेतात भिंती नाहीत. सकाळी फवारलेल्या तेलाचा पुष्कळसा भाग सायंकाळपर्यंत वाऱ्यावर गेलेला असतो. प्रमाण वाढवावे तर पानेच करपतात. लवंगेच्या तेलापासून तणनाशकही बनविले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे यातील धोका कळेल. तथापि मावा, पांढरी माशी, लाल कोळी यांसारख्या मऊ अंगाच्या किडींवर, ज्यांच्या अंगावर फवारा प्रत्यक्ष पडतो, काही तेले उपयोगी ठरली आहेत. हरितगृहात तर अधिकच. तेलाच्या थेंबांना सूक्ष्म कवच चढवून ते सावकाश बाहेर येईल अशी योजना करण्याचे प्रयोगही चालू आहेत. ‘उडून जाणे’ थांबवावयाचे नाही, केवळ त्याचा वेग कमी करावयाचा, हे त्यांचे सूत्र होय.

तेल हे मिश्रण असल्याचा एक लाभही आहे. रोजमेरीच्या तेलातील घटक वेगवेगळे वापरण्यापेक्षा एकत्र वापरले असता लाल कोळ्यावर अधिक परिणाम होतो, असे कॅनडातील संशोधकांना २००६ साली आढळले. अनेक बाजूंनी होणाऱ्या माऱ्याला सरावणे किडीला कठीण जाते.

वेखंडाचा धडा

‘नैसर्गिक ते निर्धोक’ ही समजूत मात्र सोडून द्यावयास हवी. लोकरी कपड्यांत वेखंडाची पूड ठेवण्याची प्रथा जुनी आहे. वेखंडाच्या तेलातील बीटा-असरोन हे संयुग मादी कीटकाच्या अंडाशयाची वाढ खुंटविते, असे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखविले. किडीचा वंशच थांबविणारे हे द्रव्य अत्यंत आशादायक वाटावे असेच होते. परंतु वेखंडाचे तेल खाऊ घातलेल्या प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये अर्बुदे आढळली होती, आणि अमेरिकेने १९६८ सालीच अन्नपदार्थांत त्याचा वापर करण्यास बंदी घातली होती. जो पदार्थ धान्यात मिसळावयाचा, त्याच्या बाबतीत ही हरकत निर्णायक होय.

वेखंड आणखी एक धडा देतो. भारतातील वेखंडात बीटा-असरोन विपुल असते, तर अमेरिकेतील त्याच्या भावंडात ते आढळत नाही. जात, माती, हवामान व कापणीचा काळ यांनुसार तेल बदलते. म्हणून बाटलीवरील वनस्पतीच्या नावाने समाधान मानू नये. आतील घटकांचे प्रमाण कळले पाहिजे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ साली लवंग, दालचिनी, पुदिना इत्यादींच्या तेलांना कमी धोक्याची म्हणून नोंदणीतून सूट दिली. ही सूट धोका कमी असल्याची निदर्शक होती. कीड निश्चित मरते याची ग्वाही नव्हती. भारतात १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने नोंदणीची अट घातली, ती शेतकऱ्याला दोन्ही बाबतींत संरक्षण मिळावे याच हेतूने.

तात्पर्य, सुगंधी तेल हे सर्व किडींवरचा रामबाण उपाय नव्हे आणि टाकाऊ वस्तूही नव्हे. शेतात त्याने वेळेवरची पेरणी, कीडभक्षक कीटकांचे जतन व पिकांची फेरपालट यांच्या जोडीने काम करावे. घट्ट झाकणाच्या कोठीत आणि मधमाशीच्या पेटीत त्याने अधिक मोठी जबाबदारी उचलावी. कागदावरील तो दुसरा डाग नाहीसा झाला, तेव्हा तेल नष्ट झाले नव्हते. ते हवेत गेले होते. त्या हवेला चार भिंती असतील, तर त्या तेलाकडून काम करून घेता येते.