गृहभित्तिचित्रे
राहत्या घराच्या भिंतींवर रंगविलेली चित्रे. लेणी व मंदिरे यांतील चित्रांमागे सार्वजनिक श्रद्धेचे पाठबळ असते. गृहभित्तिचित्रांवर मात्र घरधन्याच्या अभिरुचीचा ठसा असतो आणि त्यांचे आयुष्यही घराच्या आयुष्याशी बांधलेले असते.

महाराष्ट्रात पेशवेकाळात वाडे चित्रांनी सजविण्याची प्रथा रूढ झाली. पुण्याच्या शनिवारवाड्यातील चित्रकामासाठी जयपूरचा भोजराज हा चितारी नेमण्यात आला होता. १८२८ च्या आगीत वाड्याबरोबर तेथील चित्रेही नष्ट झाली. मूळ वेळासच्या (जि. रत्नागिरी) भानू घराण्यातील नाना फडणीस (१७४२–१८००) यांच्या वाईजवळील मेणवली येथील वाड्यात मात्र अशी चित्रे टिकून राहिली. चांदवडचा होळकरांचा रंगमहालही भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. देवदेवता, पौराणिक प्रसंग व वेलबुट्टी हे या चित्रांचे मुख्य विषय. ती सामान्यतः चुन्याच्या सुक्या गिलाव्यावर, बंधक द्रव्य मिसळलेल्या रंगांत काढीत. याउलट कोकण व गोमंतकातील कावी पद्धतीत पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर देऊन तो ओला असतानाच कोरतात व खालचा पांढरा भाग उघडा करून आकृती साधतात. हे काम प्रामुख्याने मंदिरांत, तर क्वचित घरांतही आढळते.

विसाव्या शतकात या प्रकाराला निराळे वळण मिळाले ते पाश्चात्त्य रॉक संगीतकारांच्या घरांत. भ्रमकारी द्रव्यांमुळे येणाऱ्या अनुभवांतून स्फुरलेल्या सायकेडेलिक शैलीत भडक रंग, वळणदार रेषा आणि पौर्वात्य प्रतिमा यांची सरमिसळ असे. ‘बीटल्स’ वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) यांच्या ईशर (इंग्लंड) येथील ‘किनफॉन्स’ बंगल्यात ‘द फूल’ या डच कलावंतांच्या गटाने १९६७ मध्ये शेकोटीभोवती चित्र रंगविले. बंगल्याच्या बाहेरील भिंती हॅरिसन व त्यांच्या मित्रांनी स्वतःच रंगविल्या. त्याच वर्षअखेरीस या गटाने लंडनमधील बेकर स्ट्रीटवरील बीटल्सच्या दुकानाची दर्शनी भिंत रंगविली. परंतु आक्षेपांमुळे १९६८ मध्ये ती पुन्हा पांढरी करावी लागली. किनफॉन्स बंगलाही पुढे पाडण्यात आला.

वाडा असो वा बंगला, मालकी बदलली, वाटण्या झाल्या किंवा दुरुस्ती निघाली की भिंतीवरील चित्र धोक्यात येते. ओल, चुलीचा धूर व चुनासफेदी यांमुळे होणारी हानी बहुधा भरून निघत नाही. चित्र भिंतीपासून अलग करणे खर्चाचे व जोखमीचे असल्याने गळती रोखून मूळ गिलावा सांभाळणे आणि घर उभे असतानाच चित्रांचे छायाचित्रण व अनुरेखन करून ठेवणे, हेच त्यांच्या जतनाचे पहिले पाऊल ठरते.