३० मीटर खाली, हिशेब मात्र वरचा!

सेमिस्टर संपली की अंधेरी-बोरिवलीची निम्मी गँग तारकर्लीला स्कुबासाठी निघते. पहिली डाइव्ह उथळच. पण कोर्स करून ३० मीटरवर जायचंय? मग आधी गणित! तिथे दाब चौपट, म्हणून हवाही चौपट लागते. वर मिनिटाला समजा २० लिटर, तर खाली ८०. सिलिंडर १२ लिटरचा, २०० बारने भरलेला, म्हणजे २,४०० लिटर. जेमतेम अर्धा तास! त्यातले ५० बार परतीसाठी राखून ठेवायचे. कारण हवा संपत आली म्हणून भसकन वर येता येत नाही. अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हलवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखे. मिनिटाला जास्तीत जास्त ९ मीटर वर, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. आणि हो, पुढचे १८ तास विमान नको. कुडाळहून ट्रेनच पकडा!