मिडी फाइल एमपी३ करताना

मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणता सूर, किती जोरात, किती वेळ आणि कोणत्या वाद्यावर, एवढ्याच सूचना तिच्यात असतात. म्हणून अख्खं गाणं काही किलोबाइटांत मावतं आणि म्हणूनच गाडीतल्या प्लेअरवर ते बहुधा वाजत नाही.

रूपांतर म्हणजे संगणकाकडून त्या सूचना प्रत्यक्ष वाजवून घेणं. त्यासाठी वाद्यांच्या नमुन्यांचा संच, म्हणजे साउंडफाँट, लागतो. म्यूझस्कोअर या मोफत प्रोग्रॅममध्ये तो आधीच असतो. मिडी उघडा आणि एमपी३ म्हणून निर्यात करा. फ्लुइडसिंथ या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये आपल्या पसंतीचा साउंडफाँट जोडून आधी वेव्ह फाइल करता येते. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते, १२८ केबीपीएसची एमपी३ जेमतेम १ एमबी.

साउंडफाँट निवडण्यात मात्र घाई करू नका, सगळा रंग तिथेच ठरतो. १९९१च्या जनरल मिडी यादीतल्या १२८ वाद्यांत सतार आहे, शहनाईही आहे. तबला आणि आपली पेटी नाही. त्यामुळे नाट्यगीताची मिडी साध्या संचावर वाजवली तर ठेका पाश्चात्त्य ड्रमवर ऐकू येतो, आणि तो कानाला खटकतोच. तबल्याचे नमुने असलेला वेगळा साउंडफाँट शोधण्याचे कष्ट जरूर घ्या.

एमपी३ तयार झाली तरी मूळ मिडी पुसू नका. पट्टी किंवा लय बदलणं तिच्यात सोपं असतं, आणि एमपी३मधून ते सूर जसेच्या तसे परत काढता येत नाहीत.