‘आगाऊ’ शब्दाचा विचार

वर्गांत प्रश्न पुरा होण्यापूर्वींच जो उत्तर बोलून टाकतो त्यास आपण ‘आगाऊ’ म्हणतों. आणि महिना उजाडण्यापूर्वींच खोलीचें भाडें देणाऱ्यानें तें ‘आगाऊ’ दिलें, असेंही म्हणतों. पहिल्या ठिकाणीं हा शब्द दोष दाखवितो, दुसऱ्या ठिकाणीं नाहीं. हे दोन अर्थ एकाच शब्दांत कसे नांदतात, हें आपण येथें थोडक्यांत पाहूं.

या शब्दाचें मूळ संस्कृत ‘अग्र’ हें होय. अग्र म्हणजे टोंक, पुढचा भाग. प्राकृतांत त्याचें ‘अग्ग’ झालें. लिहितांना ‘अगाऊ’ व ‘आगाऊ’ अशीं दोन्ही रूपें आढळतात. गुजराथींत ‘अगाउ’ म्हणजे पूर्वीं. हिंदींत ‘अगाऊ’ म्हणजे आधीं दिलेला किंवा घेतलेला. आधीं जन्मलेला तो ‘अग्रज’, म्हणजे वडील भाऊ. मार्गशीर्षाचें जुनें नांव ‘अग्रहायण’. हायन म्हणजे वर्ष, त्याच्या अग्रभागीं येणारा तो महिना. या शब्दांत निंदा कोठेंच नाहीं, उलट मानच आहे.

व्यवहारांतही तसेंच. सालदारास सालाच्या आरंभीं मिळालेली रक्कम आगाऊ, सभेपूर्वीं दिलेली सूचना आगाऊ. मात्र पुढें होण्याची पाळी आली नसतां जो पुढें होतो, त्यासही मराठींत हाच शब्द लागला, आणि त्यांतून ‘आगाऊपणा’ निघाला.

वेळेपूर्वीं केलेल्या पेरणीस शेतकरी ‘आगाप पेरणी’ म्हणतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशी बहुतेक कोरडवाहू. मृग नक्षत्र जूनच्या 7-8 तारखेस लागतें. त्याच्या आशेवर कोणी कोरड्या मातींतच बीं टाकतात, ही धूळपेरणी. पाऊस वेळेवर आला तर पीक चार दिवस पुढें जातें. पण एक सर येऊन बीं उगवलें व मग पावसानें ताण दिला, तर कोंवळीं रोपें करपतात आणि दुबार पेरणीचें कर्ज डोक्यावर बसतें. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरावें, असें कृषिखातें सांगतें. आणखी एक धोका आहे. हंगामापूर्वीं लावलेल्या कपाशीस पात्या व फुलें लवकर येतात आणि गुलाबी बोंडअळीच्या पहिल्या पिढीस आयतें अन्न मिळतें. 2017 सालीं या अळीनें आपल्या जिल्ह्यांत केलेली हानि घरोघरीं ठाऊक आहे.

तरी तोच शेतकरी नांगरणी, वखरणी व बियाण्याची तजवीज आगाऊच करून ठेवतो, आणि त्यास कोणी नांवें ठेवीत नाहीं. तयारी आगाऊ असावी, पेरणी मात्र वाफशावर व्हावी, हा त्याचा विवेक. शब्दाचे दोन्ही अर्थ येथें वेगळे होतात. विद्यार्थीमित्रांनीं धडा आगाऊ वाचून यावा. उत्तर मात्र आपली पाळी येतांच द्यावें. मग पुढें असणें हें भूषणच ठरेल.