द्राक्षं उभी कापा, फुगे घरी ठेवा : चिल्ल्यापिल्ल्यांची बागेतली सहल

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्यांना नुकताच "रविवारी मुलांना जरा बागेत घेऊन जा ना" असा मेसेज आलाय, त्यांच्यासाठी आजचा भाग. धाकटा मामा, कॉलेजातली आत्या, नुकतीच नोकरीला लागलेली ताई, हे काम नेहमी आपल्याच वाट्याला येतं. माझ्याकडे भाचे-पुतणे मिळून सहा जण आहेत, तीन ते सात वर्षांचे. म्हणून आज सांगणार आहे ते अगदी कामाचं.

बागेत जाऊन जेवणं आपल्याकडे काही नवीन नाही. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली पंगत बसायची, त्याला आवळी भोजन म्हणतात. झाडाची सावली, घरचा डबा आणि सगळे एकत्र, एवढंच त्यात लागतं. लहान मुलांच्या सहलीलाही यापेक्षा जास्त काही लागत नाही. फक्त एक नियम पक्का हवा: खेळायची वेळ वेगळी, खायची वेळ वेगळी. तो का, ते पुढे सांगते.

आधी ठिकाण. नाशिककरांना सोमेश्वरचा धबधबा किंवा गोदाघाट पटकन आठवतो. पण पाच वर्षांखालची मुलं असतील तर पाण्याकाठची जागा नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरी कशी वाढते, हे दुतोंड्या मारुतीकडे बघून आपण दर पावसाळ्यात मोजतोच. शिवाय सहा मुलं आणि एक नदी, यात तुमचं सगळं लक्ष नदीकडेच राहणार. त्यापेक्षा गंगापूर रोडवरचं प्रमोद महाजन उद्यान किंवा पांडवलेण्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान बघा. पायथ्याशी गेलात की कोणीतरी "लेणी पण बघून येऊ" म्हणणारच. चोवीस लेणी आहेत, सुंदर आहेत, पण पायऱ्या बऱ्याच आहेत. तीन वर्षांचं पिल्लू अर्ध्यात हात वर करून उभं राहतं आणि उरलेला डोंगर तुम्ही त्याला कडेवर घेऊन चढता. लेणी वेगळ्या दिवशी.

निघायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या: बाग त्या दिवशी उघडी आहे का, डबा आत नेऊ देतात का, आणि स्वच्छतागृह कुठे आहे. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

आता वेळ. थंडीत नाशिकला सकाळी सातला मुलांना गोधडीतून बाहेर काढणं म्हणजे शिक्षाच. दहाला पोहोचा, एकला परत निघा. तीन तास भरपूर झाले. त्यानंतर झोप येते, रडारड होते आणि मजेवर पाणी पडतं. दहा ते साडेअकरा खेळ, मग हात धुऊन जेवण, मग गोष्ट आणि घरी.

खेळायला सामान लागत नाही. शिवणापाणी आहे, मामाचं पत्र आहे. माझ्याकडे सगळ्यात चालतो तो पानांचा शोध. खाली पडलेली पाच वेगवेगळी पानं आणायची, तोडायची नाहीत. आपट्याचं पान मधून दुभंगलेलं, बेलाची तीन पानं एकत्र, पिंपळाला लांब टोक, चिंचेची बारीक बारीक पानं. पारिजातकाचं पान बोटाने चोळून बघायला सांगा, पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. मुलं दहा वेळा चोळतात.

फुगे मात्र नकोत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा मूल तोंडात घालतं आणि तो श्वासनलिकेवर चिकटून बसू शकतो.

आता डबा. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मऊ थालीपीठ, गूळ-तूप पोळीचा रोल, केळी. आणि नाशिक म्हटलं की जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षं आलीच. इथे नीट ऐका. अख्खं द्राक्ष लहान मुलासाठी धोक्याचं असतं. ते गोल, गुळगुळीत आणि मऊ. न चावता घशात सरकलं तर बुचासारखं बसतं आणि हवा बंद होते. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना द्राक्ष उभं कापून, चार फोडी करूनच द्या. आडवं कापलं तर तुकडा गोलच राहतो, उपयोग नाही. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, बियांसकट बोरं यांचंही तेच. आपला नाशिकचा चिवडा मोठ्यांनी खायचा, त्यात दाणे असतात.

आता खेळ आणि खाणं वेगळं का, ते लक्षात आलं असेल. पळताना, हसताना, झोक्यावर तोंडात घास असेल तर तो अडकायची भीती जास्त. येता-जाता रिक्षातही खाऊ नको. सतरंजीवर मांडी घालून बसल्यावरच डबा उघडायचा.

तरीही अडकलंच तर? मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर त्याला पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा मारा. निघालं नाही तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून, पाच वेळा आत आणि वर दाबा. पुन्हा थापा, पुन्हा दाब. एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर दाबायचं नाही. त्याला हातावर पालथं धरून पाठीवर थापा, मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर दाब. दिसत नसलेली वस्तू बोट घालून शोधू नका, ती आणखी आत जाते. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावायचा. मूल बेशुद्ध झालं तर फोनवर सांगतील तसं लगेच सीपीआर सुरू करा. हे सगळं एकदा प्रथमोपचाराच्या वर्गात हाताने करून शिका. ऐकणं आणि करणं यात फरक आहे.

शेवटी आपला फोन. निघताना प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला पूर्ण फोटो काढा. कोणी दिसेनासं झालं तर "निळा शर्ट होता की हिरवा" यात वेळ जात नाही. मनगटावर पेनाने घरचा नंबर लिहा. आणि पाळी लावा: अर्धा तास एकाने फक्त मुलं मोजायची, फोन खिशात. पाळी बदलताना मोठ्याने आकडा सांगायचा, "सहा!" आमच्याकडे आता मुलंच आधी ओरडतात.

कचरा पिशवीत भरून घरी आणा. आणि ज्याच्याकडे रविवारचं काम आलंय, त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!